शिडवाल्याचे चार कुरव

एका खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं आणि त्या गावात शिडं शिवणारा एक म्हातारा राहत असे. गोष्ट जुनी आहे, गलबतं वाऱ्यावर चालत होती त्या काळातली. पण ते दिवसही सरत आले होते. धुराच्या बोटी आल्या, गलबतं कमी झाली आणि म्हाताऱ्याची जाड सुई डबीत पडून गंजायला लागली. गाव त्याला शिडवाला म्हणायचं. शिवायला शीड उरलं नाही तरी गावाने नाव काही बदललं नाही.

एके काळी त्याच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसे. चार कारागीर शिवत बसलेले, गलबतं हाकणारे तांडेल घाई करायला आलेले, आतून बायको गुळाचं पाणी पाठवतेय, असा सगळा गलका. कोळीवाड्यातली पोशी नावाची आठ-दहा वर्षांची पोर सुताला मेण लावून द्यायला यायची. तिची जीभ हातापेक्षा जास्त चालायची. पुढे एकेक करून सगळे गेले. कारागीर धुराच्या बोटींवर कोळसा ओढायला गेले. पोशी लग्न होऊन खाडीपलीकडच्या बंदरात गेली. आणि एका पावसाळ्यात ताप येऊन बायकोही गेली. तेव्हापासून म्हातारा ओसरीच्या एका कोपऱ्यात बसायचा आणि उरलेल्या ओसरीकडे बघायचं टाळायचा.

त्याच्याजवळ एक पितळी दुर्बीण होती. कुणा गलबतवाल्या नाखव्याने शिडावर खूश होऊन दिलेली. थंडी पडली की ती दुर्बीण घेऊन तो समुद्राकाठी पुळणीवरच्या, वाळूतल्या उंच खडकावर जाऊन बसे, कारण थंडीत तिथे कुरव येत.

कुरव म्हणजे समुद्रावरचे ते पांढरे-राखाडी पक्षी, माशांच्या होड्यांमागे कलकलाट करत फिरणारे. गावाला सगळे कुरव सारखेच. म्हातारा मात्र शंभर कुरवांच्या थव्यात एखादा वेगळा असला तर तेवढाच बरोबर वेचून काढी. कुणाच्या कानामागे काळा ठिपका, कुणाच्या पंखाच्या टोकाला पांढरा डाग, कुणाची चोच लालसर, कुणाची पिवळी. आयुष्यभर कापडाचे पोत पाहिलेले डोळे ते, पिसं वाचायला त्यांना कितीसा वेळ लागणार?

त्या गावात एक रीत होती. धक्क्यावरच्या चौकीची एक भिंत चुन्याने पांढरी ठेवलेली असे. गावात कधी न दिसलेलं पाखरू ज्याला दिसेल त्याने ते त्या भिंतीवर गेरूने काढायचं. मग गावचे पाच मानकरी पुळणीवर येत, पाखरू डोळ्यांनी बघत आणि म्हणत, "मानलं!" त्यानंतर ते आणि त्यांच्या मागून निम्मं गाव पाखरू शोधणाऱ्याच्या घरी गूळपोहे खायला जाई. याला म्हणत पाखरू मानणं.

म्हाताऱ्याची तीन थंड्यांत तीन पाखरं मानली गेली होती.

पहिल्या थंडीत त्याला एक मोठा थोरला कुरव दिसला. पाठीवर तपकिरी ठिपके, शेपटीच्या टोकाला काळा पट्टा. असा कुरव गावाने पाहिलेला नव्हता. भिंतीवर चित्र निघालं, मानकरी आले, ओसरी माणसांनी भरली. पोरं खांबांना झोंबली, बायकांनी त्याची चूल ताब्यात घेतली, कुणीतरी त्याच्या मरून गेलेल्या बायकोची आठवण काढली आणि तो हसता हसता रडला. दुसऱ्या दिवशी ओसरी पुन्हा रिकामी. ती वर्षभर रिकामीच राहिली.

दुसऱ्या थंडीत तेवढाच मोठा एक कुरव आला. शेपटीला पट्टा होता, पण पाठ साधी राखाडी. पुन्हा चित्र, पुन्हा मानकरी, पुन्हा एक दिवस माणसं. तिसऱ्या थंडीत राखाडी पाठीचा, कोऱ्या पांढऱ्या शेपटीचा आणि पिवळ्या चोचीचा कुरव आला. पुन्हा पोहे.

एक गोष्ट मात्र म्हाताऱ्याला सलत असे. ठिपक्यांचा कुरव पुन्हा कधी आला नाही. पट्ट्याचाही आला नाही. दर थंडीला तो त्यांची वाट बघे आणि संध्याकाळी दुर्बीण पुसता पुसता स्वतःशीच म्हणे, "माझ्याकडे आलेलं कुणी परत येत नाही."

खडकाच्या खाली पुळणीवर एक बाई बोंबील सुकवायची. चार थंड्यांपूर्वी ती आली होती; कुठून, हे म्हाताऱ्याने कधी कुणाला विचारलं नव्हतं. कपाळ मोकळं, उन्हासाठी पदर तोंडावरून घेतलेला, दिवसभर आपली बोंबील बांबूंवर टांग आणि कावळे हाकल. रोज सकाळी ती खालून विचारायची, "नाना, काय दिसतंय का?" म्हातारा दुर्बिणीवरचा डोळा न काढता "हूं" म्हणायचा. चार थंड्यांत त्यांचं बोलणं झालं ते एवढंच.

चौथ्या थंडीत, माघ महिन्यात, म्हाताऱ्याने दुर्बीण लावली, काच पुसली आणि पुन्हा लावली. मोठा थोरला कुरव उथळ पाण्यात उभा होता. पाठ राखाडी, चोच पिवळी आणि टोकाशी लाल, आणि डोकं काळंभोर, काजळाच्या डबीत बुडवून काढल्यासारखं. याआधीचे तीन याच्यापुढे काहीच नव्हते.

म्हातारा जवळजवळ पळतच चौकीवर गेला. भिंतीवर गेरूने बाह्यरेषा काढली, काळं डोकं भरायला कोळसा उगाळून ठेवला. मानकऱ्यांना निरोप धाडला, उद्या सकाळी ओहोटीला या. मग घरी येऊन त्याने ओसरी सारवली, खोबरं खवलं, सगळ्यात मोठं पातेलं घासून काढलं. वर्षभर तो या एका दिवसाची वाट बघत होता. पाखरू मानलं गेलं तर माणसं येणार होती, नाही तर नाही. इतकं सरळ होतं ते.

सकाळी पातेलंभर गूळपोहे कालवून तो खडकाकडे निघाला. बोंबीलवाली आज खालून हाक न मारता थेट वाटेतच उभी होती.

"नाना," ती म्हणाली, "मानकरी यायच्या आदी एक सांगू? यो कुरव नवा नाय. आपलाच हाय."

"आपला म्हणजे?"

"चार थंड्या येतोय त्योच. पैल्या सालाला ठिपक्याठिपक्यांचा होता. मंग पाठ राखी झाली, मंग शेपटीचा पट्टा गेला. आता डोका काला झालाय. पोरगा मोठा व्हतो तसा झालाय, दुसरा काय नाय."

म्हाताऱ्याला राग आला. "तीस वर्षं मी कुरव बघतोय. तुला पिसांतलं काय कळतं? तू तुझे बोंबील बघ."

"पिसांतला मना काय कलत नाय," ती शांतपणे म्हणाली. "पन त्याचा पाय मना म्हायत हाय. पैल्या थंडीला जाल्याचा दोरा रुतला होता पायात. मीच सोरवला. एक बोट गेला त्याचा. चला, दावते."

म्हातारा जायला तयार नव्हता. पण न जाऊन चालणारही नव्हतं. चार थंड्यांत तो पहिल्यांदाच खडक सोडून ओल्या पुळणीवर उतरला. बाईने बोंबलाचं एक डोकं पाण्याकडे फेकलं आणि जिभेने टकटक केलं. तो काळ्या डोक्याचा राजबिंडा पक्षी पाण्यातून बाहेर आला आणि लंगडत लंगडत तिच्याकडे चालायला लागला.

लंगडत! खडकावरून दिसायचा तेव्हा त्याचे पाय नेहमी पाण्यात असत, नाहीतर तो उडत असे. आणि खरं सांगायचं तर म्हाताऱ्याने पायांकडे कधी बघितलंच नव्हतं. बघण्यासारखं सगळं पिसांतच आहे, असं त्याने ठरवून टाकलं होतं. आता दहा पावलांवरून त्याला दिसलं. डाव्या पायाचं बाहेरचं बोट नव्हतं आणि बोटांमधला पडदा फाटून वाळला होता.

तो मटकन वाळूवर बसला. ज्याने ठिगळांवर ठिगळं लागलेलं शीड खाडीच्या पलीकडून ओळखलं, कापड सगळं बदललं तरी हे अमक्याच्या गलबताचंच म्हणून छातीठोक सांगितलं, त्याला एक पाखरू ओळखता आलं नव्हतं. तीनदा.

धक्क्याकडून माणसांचे आवाज यायला लागले. बाईने एकदा तिकडे बघितलं, एकदा म्हाताऱ्याकडे.

"मी कोनाला नाय सांगनार," ती हळूच म्हणाली. "तुमच्या ओसरीवर मानसं येतात तं येऊं दे. पाखराला काय फरक परतोय?"

पाखराला फरक पडत नव्हता हे खरंच होतं. मानकऱ्यांनाही पडला नसता, ते लांबूनच बघून "मानलं" म्हणणार होते. ओसरी सारवलेली होती. पातेलं भरलेलं होतं. तोंड मिटून बसलं की झालं. पण तो कुरव त्याच्याकडे तिरपी मान करून बघत होता, आणि चौथ्यांदा त्याला परका म्हणायला म्हाताऱ्याची जीभ उचलेना.

मानकरी येऊन पोचले. मागे पोरंटोरं, बायका, निम्मं गाव.

"काय शिडवाले," थोरला मानकरी म्हणाला, "कुठे आहे तुमचा काळ्या डोक्याचा?"

"हा इथे आहे," म्हातारा उठून म्हणाला. "पण नवा नाही. आधीचे तीनही हाच होता. तो वाढत गेला आणि मी त्याला दर वेळी नवा समजत गेलो. माझं चुकलं."

क्षणभर कुणाला काही कळेना. मग एक पोरगं फिस्सकन हसलं आणि सगळा जमाव हसला. धाकटा मानकरी म्हणाला, "म्हणजे तीन वर्षं आम्ही एकाच पाखराचे पोहे खाल्ले म्हणायचे!" थोरल्याला मात्र हसू आलं नाही. त्याने रीत सांगितली. ज्याचं एकही पाखरू खोटं ठरलं त्याने आपली सगळीच चित्रं पुसायची, आणि पुढच्या पाच थंड्या त्याच्या बोलावण्याला मानकरी येणार नाहीत.

म्हाताऱ्याने चौकीवर जाऊन स्वतःच्या हाताने तिन्ही चित्रांवर चुना फिरवला. चौथ्याची नुसती बाह्यरेषा होती, तीही पुसली. चुना ओला होता तोवर गेरू खालून डोकावत राहिला, मग तोही दिसेनासा झाला. माणसं हळूहळू आपापल्या कामाला निघून गेली.

तो घरी आला. सारवलेली ओसरी वाळली होती. तिच्यावर एकाही पावलाचा ठसा नव्हता. पातेल्यातले पोहे तसेच होते. म्हाताऱ्याने एक घास खाल्ला आणि पातेलं बाजूला सरकवलं. पाच थंड्या. आपण तेवढं जगणार आहोत की नाही, हेही त्याला ठाऊक नव्हतं. दुपार होईपर्यंत तो तसाच बसून राहिला. त्याला फार एकटं वाटलं, बायको गेली त्या दिवशी वाटलं होतं तसंच.

आणि मग बसल्या बसल्या त्याच्या मनात आलं की तो कुरव दर थंडीला परत येत होता. किती लांबून येत होता देव जाणे, पण येत होता, याच पुळणीवर, याच खडकासमोर. आपण मात्र त्याच्यासमोर बसून कुणी परत येत नाही म्हणून रडत होतो.

त्याने पातेल्यावर ताट झाकलं, पातेलं डोक्यावर घेतलं आणि तो पुळणीवर गेला. या खेपेला खडकावर चढला नाही.

बोंबीलवाली सुक्या बोंबलांची गोणी शिवत बसली होती. म्हाताऱ्याने पातेलं वाळूवर ठेवलं. सकाळी तो तिला नको ते बोलला होता. तो नुसता तिच्या हातांकडे बघत राहिला. आज तो शिकलाच होता खाली बघायला.

सुई सहा टाके सरळ गेली आणि सातवा टाका उलटा पडला. पुन्हा सहा सरळ, एक उलटा.

असं शिवणारं माणूस त्याने आयुष्यात एकच पाहिलं होतं. वादळात शीड फाटलं तरी सातव्या टाक्यापुढे फाटायचं नाही, असं त्याची बायको म्हणायची. कारागीर त्या टाक्याला हसायचे. तो तिने एकाच पोरीला शिकवला होता. आणि सगळं गाव त्याला शिडवाले म्हणत असताना नाना अशी हाकही त्याला तेवढी एकच पोर मारायची.

"पोशी?" म्हातारा म्हणाला.

बाईची सुई थांबली. तिने पदर मागे सारला. केस पिकायला लागले होते, गाल बसले होते, पण समोर तीच होती.

"चार थंड्या झाल्या, नाना," ती म्हणाली. "मालक दर्यात बुडाला तशी परत आले. रोज हाक मारायची. म्हनलं, वलखतील कंदीतरी. मंग सोताहून सांगायची लाज वाटाय लागली."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्याने त्या पुसल्या नाहीत. पातेल्यावरचं ताट काढून त्याने तिच्यापुढे पोहे वाढले, मग स्वतःला घेतले. लंगडा कुरव पाण्यातून बाहेर येऊन थोड्या अंतरावर उभा राहिला, आणि म्हाताऱ्याने आधी त्याचा पाय बघितला.

"उद्यापासून गोण्या ओसरीवर आणून शिव," तो म्हणाला. "तिथे ऊन लागत नाही."

"आनते," पोशी म्हणाली. "सुताला मेन हाय का घरात?"

"असेल. शोधावं लागेल."

तात्पर्य: नव्या पाहुण्याची वाट बघत बसलेल्याने आधी दारात उभं आहे ते आपलंच माणूस तर नाही ना, हे नीट बघून घ्यावं.