म्होरकीची फाटकी हाक

एका घनदाट अरण्यात, नदीच्या अलीकडच्या तीरावर, रानम्हशींचा एक कळप राहत असे. एक म्हातारी म्हैस त्या कळपाची म्होरकी होती. तिची शिंगे झिजलेली होती, एक कान फाटलेला होता, आणि आवाज तर विचारूच नका! ती हाक मारी तेव्हा वाळका बांबू मधोमध चिरावा तसा आवाज निघे. तरुणपणी ती एकदा वाघाच्या आणि रेडकांच्या मध्ये उभी राहिली होती. रेडके वाचली, पण वाघाचा पंजा तिच्या गळ्यावर बसला आणि तिचा आवाज फाटला तो कायमचा. कळपात त्याला कोणी कधी नावे ठेवली नव्हती.

मुलांनो, त्या नदीतून पलीकडे जायला एकच वाट होती. पाण्याखाली खडकाची एक अरुंद पट्टी होती, आणि तिच्या अंगालाच खोल डोह. म्हशीच्या जातीला पाण्याचे भय नसते. पण त्या डोहात भोवरा होता, आणि तळाशी अशा कपारी होत्या की आत गेलेले जनावर पुन्हा वर येत नसे. थंडीत सकाळी इतके दाट धुके पडे की स्वतःचे पायही दिसत नसत. अशा वेळी म्होरकी आधी पलीकडे जाई, पट्टीच्या टोकाशी उभी राही आणि हाक मारी. मग रेडके त्या हाकेच्या रोखाने सरळ चालत जात आणि त्यांच्या आया मागून येत. एका वर्षी एक रेडकू पलीकडच्या दुसऱ्याच कळपाची साद ऐकून तिकडे वळले आणि डोहात गेले. तेव्हापासून म्होरकीने प्रत्येक रेडकाकडून एक धडा घोकून घेतला होता. "धुक्यात माझी फाटकी हाक आली तरच पुढे पाऊल टाकायचं. दुसरं कोणी कितीही गोड बोलावलं तरी जायचं नाही. लगेच मागे फिरायचं."

म्होरकीच्या लेकीचे एक रेडकू होते. आजीच्या मागे मागे हिंडावे आणि तिच्यासारखा आवाज काढायला जाऊन खोकत सुटावे, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. आजी रागावल्यासारखे करी आणि त्याला चाटून काढी.

त्या वर्षी वाघांचा उपद्रव फार वाढला. म्हणून तीन कळपांनी एकत्र यायचे आणि सर्वांची मिळून एक म्होरकी निवडायची असे ठरले. निवड नदीपलीकडच्या माळावर व्हायची होती. ही बातमी आणली एका साळुंकीने. ती म्होरकीच्या पाठीवर बसून गोचिडे टिपत असे आणि टिपता टिपता सल्ले देत असे. सल्ल्याला काही खर्च येत नाही. साळुंकीकडे ते पोत्याने होते.

"रागवू नका हं, पण त्या परक्या कळपांना तुमची ओळख काय?" साळुंकी म्हणाली. "जग आधी आवाज ऐकतं आणि मग कर्तृत्व विचारतं. असा फुटक्या मडक्यासारखा आवाज काढलात तर तुम्हाला कोण म्होरकी म्हणेल?"

"पण माझा आवाज असाच आहे गं," म्होरकी म्हणाली.

"आहे, पण बदलता येतो की! मी शिकवते. मान उंच धरा, श्वास पोटातून घ्या, आणि घसा आवळून गोल आवाज काढा."

म्होरकीला आपल्या आवाजाची आयुष्यात पहिल्यांदाच लाज वाटली. मला तिचा राग येत नाही, मुलांनो. चारचौघांत आपण बरे दिसावे असे कोणाला वाटत नाही? पंधरा दिवस ती दूरच्या बांबूच्या बेटात जाऊन शिकत राहिली. सुदैवाने त्या दिवसांत धुके पडले नाही, आणि घसा जपायचा म्हणून कळपात ती तोंडही उघडीना.

रेडकाने विचारलेसुद्धा, "आजी, तू हल्ली हाक का मारत नाहीस?"

"गंमत आहे. कळेल तुला," आजी हळूच म्हणाली.

निवडीच्या दिवशी सकाळी दाट धुके पडले. पलीकडच्या तीरावर बाकीच्या दोन्ही कळपांतील वडीलधारी मंडळी येऊन थांबली होती. म्होरकी नेहमीप्रमाणे कळपाच्या आधी नदी ओलांडून गेली. धुक्यात त्यांची कुजबुज ऐकू येताच तिने मान उंच केली, पोटातून श्वास घेतला आणि हाक मारली. देवळातली घंटा वाजावी तशी ती हाक नदीवर घुमली.

"वा! काय भरदार आवाज आहे!" मंडळी एकमेकांत म्हणाली. ते ऐकून म्होरकीने आणखी गोड, आणखी गोल हाक मारली.

तिचे नातवंड नेहमीच्या सवयीने तिच्या मागोमागच पाण्यात उतरले होते. तिच्या पावलांच्या चाहुलीवर ते अर्ध्या वाटेपर्यंत आले होते आणि आता तिची हाक येईलच अशा भरवशावर होते. परकी साद ऐकताच ते थबकले.

"आजी, कुठे आहेस तू?" धुक्यातून त्याचा बारीक आवाज आला. "ही कोण बोलावतेय?"

म्होरकीने घाईघाईने पुन्हा हाक मारली. पण पंधरा दिवसांची सवय जडलेली; घशातून तोच घोटीव आवाज निघाला. रेडकू शहाणे होते. त्याने धडा पाठ केला होता. ते लगेच मागे फिरले. पण अरुंद, शेवाळलेल्या खडकावर धुक्यात मागे फिरणे सोपे नसते. त्याचा पाय घसरला. पाण्याचा आवाज झाला, आणि मग काहीच ऐकू आले नाही.

तेव्हा म्होरकीच्या गळ्यातून जी किंकाळी फुटली ती तिची स्वतःची होती. फाटकी, चिरकी, जुनी. ती हाक ऐकताच काठावर खोळंबलेली बाकीची सगळी रेडके पाण्यात उतरली आणि सरळ चालत तिच्यापाशी आली. एकाचाही पाय चुकला नाही.

सर्वांत मागून तिची लेक आली. ती डोहाकडे तोंड करून उभी राहिली.

"ते तुझंच ऐकत होतं, आई," ती म्हणाली. "तू शिकवलंस तसंच वागलं."

थोड्या वेळाने परक्या कळपातील एक वृद्ध रेडा पुढे आला आणि म्हणाला, "झालं ते फार वाईट झालं. पण आवाज आम्ही ऐकला. म्होरकी तूच हो."

"तो आवाज माझा नव्हता," म्होरकी म्हणाली. "माझा आवाज ओळखणारं माझं नातवंड त्या डोहात आहे. म्होरकी दुसरी बघा."

तिन्ही कळपांनी दुसरी म्होरकी निवडली. साळुंकी नव्या म्होरकीच्या पाठीवर जाऊन बसली. धुक्याच्या सकाळी वाट दाखवायचे काम मात्र म्हातारीकडेच राहिले, कारण रेडके दुसऱ्या कोणाच्या हाकेवर पाऊल उचलीत नसत. ती आपल्या फाटक्या आवाजात एकेकाला पलीकडे घेई. सगळी आली की बाकीचा कळप चरायला निघून जाई. म्हातारी तेवढी मागे थांबे, डोहाकडे तोंड करी आणि आणखी एकदा हाक मारी.

तात्पर्य : आपली माणसे ज्या खुणेवरून आपल्याला ओळखतात, ती ओबडधोबड असली तरी परक्यांच्या वाहवेसाठी पुसू नये; संकटात ती माणसे आपल्याला त्याच खुणेने शोधत येतात.