यंत्राला वऱ्हाडी शिकवा!

डोळ्यांनी अधू असलेल्यांसाठी नगरपालिकेच्या सभागृहात तक्रारी ऐकून घेणारं एआयचं बोलकं यंत्र आलं आणि एकच गर्दी उसळली! अंध गोकर्णाबाईंनी हौसेनं पहिली तक्रार सांगितली, "आमच्या नळाले पानी येत नाही."

"माफ करा, समजलं नाही," यंत्र म्हणालं.

नगराध्यक्ष खेकसले, "शुद्ध बोला, बाई! त्याला वऱ्हाडी शिकवायला एवढी रेकॉर्डिंग आणायची कुठून?"

गोकर्णाबाई म्हणाल्या, "तुमच्या प्रचाराची हायेत ना, साहेब! मतं मांगाले आले तवा महिनाभर भोंग्यावर आमच्याच बोलीत बोलत होते."

सभागृह हसून दणाणलं. मग तीच भाषणं यंत्राला ऐकवली गेली.

गोकर्णाबाईंनी पुन्हा तक्रार केली. यंत्र खणखणीत बोललं, "फिकर करू नका माय, उद्याच पानी सोडतो!"

"शिकलं बरं!" त्या म्हणाल्या. "थेट साहेबासारखंच बोलते. आता पानी आलं म्हंजे खरं!"