घाट दोघांनाही दिला!

घाट एकच होता, आणि राजा रायभानाने तो दोघांना देऊन टाकला होता!

त्याचं असं झालं. गेल्या वर्षी शेजारचा सोनगडचा राजा उत्तरेच्या सम्राटाला जाऊन मिळाला. सोनगडचं नाव काढलं की रायभानाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्याने तडक दक्षिणेच्या सम्राटाला पत्र धाडलं, 'आमच्या घाटातून खुशाल फौज न्या.' यंदा सोनगडकर फिरले आणि दक्षिणेला मिळाले. लगेच रायभानाने तेच पत्र उत्तरेला धाडलं. एक अक्षरही बदलायची तसदी घेतली नाही. दरबाऱ्यांनी दोन्ही वेळा माना डोलावल्या आणि याला राजकारण म्हटलं.

आज दोन्ही सम्राटांचे वकील एकदमच दरबारात उभे ठाकले. दोघांच्याही हातात राजमुद्रेचं पत्र!

खांबाआडून ठकू हे बघत होती. घाटातल्या करंजवाडीच्या शेतकऱ्याची ही लेक. आठ दिवसांत घरं रिकामी करा, फौज जायची आहे, असा वाडीला हुकूम आला होता. कुणाची फौज, ते हुकमात नव्हतं. राजाला तरी कुठे ठाऊक होतं! इकडे ठकूच्या शेतातलं भात पोटरीला आलेलं, लोंब्या फुटायच्या बेतात. तिचा बाप विनवणी करायला आला होता, पण दरबार पाहून तोही खांबाआडच थांबला.

"घाट आमचा!" उत्तरेचा वकील म्हणाला.

"आमचं पत्र आधीचं!" दक्षिणेचा गुरगुरला.

"आमचं ताजं!"

राजा ताठ बसला. "रायभानाचा शब्द फिरत नाही! घाट दोघांनाही मिळेल. पण फौजा घाटात भिडता कामा नयेत. दिवाणजी, काढा तोड!"

"महाराज, महिनाभर विचार करून..."

"आत्ता! नाहीतर पगडी उतरवा!"

दिवाणजी घाम पुसू लागले. ठकूला हसू आवरेना.

"कोण ते? पुढे ये!" राजा कडाडला. "तूच सोडव आता! नाही जमलं, तर वाडी आजच रिकामी!"

बापाने कपाळावर हात मारला.

"आन् जमलं तर, म्हाराज?"

"मागशील ते!"

ठकू पुढे झाली. "गेल्या सालची गोष्ट, म्हाराज. कोंडिबाला गाडीवाट हवी व्हती. माझ्या बानं शेतातनं दिली. तरी तुमच्या कारकुनानं कागुद परत धाडला. का वं?"

"लगतच्या शेजाऱ्याची निशाणी नसेल!" राजाची छाती फुगली. "शेजाऱ्याच्या संमतीवाचून इथे कुणी कुणाला वाट देत नाही. आमच्या आजोबांचा कायदा आहे तो!"

"घाटाला बी लागू?"

"तसूभर जमिनीलाही लागू!"

ठकू वकिलांकडे वळली. "ऐकलंसा? म्हाराजांनी घाट दोघांस्नी दिला, शब्द पाळला. आता शेजाऱ्याची निशानी तेवढी आना! घाटाच्या एका तोंडाला तुमचं उत्तरेचं राज्य, दुसऱ्या तोंडाला यांचं दक्षिणेचं. तुमच्या कागदावर यांच्या सम्राटांनी सही करावी, यांच्या कागदावर तुमच्या. झाल्या सह्या की वाडी रिकामी!"

"आमच्या शत्रूची सही?" उत्तरेचा वकील किंचाळला. "आम्हाला असल्या निशाण्यांची गरज नाही!"

"मग यांस्नी बी न्हाई. शिरा दोघं एकदम! वाट एका गाडीएवढी हाय. वरनं दरड, खाली दरी. कोन मागं हटतंय, आम्ही कड्यावर बसून बघू!"

दोन्ही वकिलांनी एकमेकांकडे पाहिलं, आपापलं पत्र गुंडाळलं आणि सही आणायला म्हणून जे गेले, ते गेलेच.

राजा मांडीवर थाप मारून हसला. त्याला वाटलं, हे सगळं आपल्याच अकलेचं. "माग पोरी! सोनं, जमीन, काय हवं ते!"

"करंजवाडी घाटाच्या वाटेला लागूनच हाय, म्हाराज. म्हंजे आम्ही बी शेजारी. पुढल्या पत्रावर तुमच्या मुद्रेआधी माझ्या बाची निशानी हवी."

दिवाणजींनी डोळे मिटून घेतले. राजा क्षणभर लालबुंद झाला. पण दिलेला शब्द सगळ्यांनी ऐकला होता! झक्कत तसा हुकूम लिहिलेला कागद आला. ठकूच्या बापाने निशाणी म्हणून त्यावर नांगर काढला, आणि त्या नांगराखाली राजमुद्रा उमटली.

"आणि सोनगडकर पुन्हा फिरले तर?" राजाने चिडून विचारलं.

"तर आधी वाडीवर या, म्हाराज. भात कापून झालं आसंल, तर निशानीचं बघू!"

यावर मात्र राजा असा खदखदून हसला, की त्याचीच पगडी खाली पडली.