करंजाचा निवाडा

आमच्या वाडीच्या वाटेवर एक जुनं करंजाचं झाड होतं. रानात खुरपायला जाणाऱ्या बाया त्याच्या फांदीला झोळी बांधून तान्ही लेकरं निजवायच्या. पुढं इनामदार रायाजीरावांनी वाड्याला नवा दगडी दरवाजा बांधला, आणि करंजामुळं तो रस्त्यावरून दिसेना. त्यांनी झाड तोडायचं ठरवलं. बाया रडायला लागल्या, तेव्हा म्हणाले, "बरं, उद्या रीतसर निवाडा करतो."

दुसऱ्या दिवशी, भर चैत्रात, ते करंजाखालीच गादी टाकून बसले. कुऱ्हाडीवालेही आले. खुरपणाऱ्या बायांतल्या गोदाक्काचा नातू झोळीत निजला होता. तिनं हात जोडले.

"सरकार, पाणी आणू का?"

"नको. निवाडा होईपर्यंत कुठल्याच पक्षाचं पाणीसुद्धा मी घेत नाही!"

"मग आरोपीची सावली कशी चालते, सरकार? सकाळपासून तीच घेऊन बसलाय."

बाया पदराआड हसल्या. रायाजीराव ताडकन उठले आणि उन्हात जाऊन उभे राहिले. "आता ऐका निकाल!" पण पायाखालचा फुफाटा पोळत होता, पगडीतला घाम डोळ्यांत उतरत होता. त्यांनी सावलीसाठी इकडंतिकडं पाहिलं. नव्या दरवाजाची सावलीसुद्धा त्याच्याच पायाशी गोळा झाली होती. शेवटी ते मुकाट्यानं करंजाखाली परतले.

"काय ठरलं, सरकार?" गोदाक्कानं हळूच विचारलं.

"आरोपी सुटला," ते कपाळ पुसत म्हणाले. "आता पाणी आण."

गोदाक्कानं आधी झोळीला एक झोका दिला, मग तांब्या आणायला गेली.