कोतवालाच्या घरचे लग्न

नदीकाठच्या साळवण गावात रायाजी नावाचा एक कोतवाल होता. गाव पेठेचे, माणसे हौशी. संध्याकाळी भिवराबाईंच्या गुत्त्यावर गाडीवान, विणकर, नावाडी जमत, दोन घोट घेत, गप्पा मारत. तोवर सगळे ठीक असे. रात्र चढली की मात्र त्याच माणसांचे आवाज चढत. कुणी कुणाच्या बैलाला नावे ठेवी आणि भर रस्त्यात काठ्या निघत. अशाच एका मारामारीत सोमा नावाड्याचा हात कायमचा अधू झाला.

तेव्हा रायाजीने दवंडी पिटवली, "देवळात शेजारती झाली की गुत्ता बंद. मग कोणीही येवो."

यात भिवराबाईंचे नुकसान होते. तरी त्या म्हणाल्या, "उशिराच्या गिऱ्हाइकाची मलाही भीती वाटते. बंदच बरे."

लोक थोडे कुरकुरले. पण हळूहळू गल्ल्या शांत झाल्या. उकाड्यात बायका बिनधास्त ओट्यावर येऊन बसू लागल्या. हलवाई रात्रीही जिलेबी तळू लागला.

पुढे रायाजीच्या मुलीचे, रंभेचे लग्न निघाले. वऱ्हाड शेजारच्या गावचे होते आणि व्याही धर्माजीराव मोठे मानी. लग्न लागले, पंगती उठल्या, शेजारतीची घंटाही झाली. तेवढ्यात धर्माजीराव म्हणाले, "कोतवालसाहेब, आमच्या मंडळींना अजून दारू हवी आहे. आणवा."

रायाजी पेचात पडला. मुलीच्या सासरचा शब्द मोडायचा कसा? तो स्वतः गुत्त्यावर गेला. ओट्यावरचे लोक बोलायचे थांबले आणि त्याच्याकडे पाहू लागले.

भिवराबाई दारात येऊन म्हणाल्या, "साहेब, तुम्ही सांगाल तर कुलूप काढते. पण उद्यापासून दुसऱ्या कुणाला नाही म्हणायला माझी जीभ रेटणार नाही."

रायाजीने ओट्यावरच्या लोकांकडे पाहिले. मग म्हणाला, "कुलूप राहू द्या. तुम्ही मांडवात चला."

मांडवात येऊन त्याने व्याह्यांपुढे हात जोडले. "रावसाहेब, तुमच्या मानात मी काही कमी पडू देणार नाही. पण गावाला घातलेला नियम मला माझ्या घरी मोडता येणार नाही."

धर्माजीरावांचा चेहरा लाल झाला. वाजंत्री थांबली. रंभेने मान खाली घातली.

तेव्हा नवऱ्या मुलाची आई सगुणाबाई पुढे आल्या आणि हसून म्हणाल्या, "अहो, थोरल्याच्या लग्नात तुमचा भाऊ डोके फोडून घरी आला. धाकट्याच्या लग्नात तरी सगळे धड चालत परत जाऊ."

आधी तो भाऊच खो खो हसला. मग सगळा मांडव हसला आणि शेवटी धर्माजीरावांनाही हसू आवरले नाही. हलवायाने परातभर गरम जिलेबी आणली. ढोल पुन्हा वाजू लागले. सोमा नावाडी आपला धड हात उंचावून नाचला आणि भिवराबाईंनी खणखणीत आवाजात गाणी म्हटली.

सकाळी वऱ्हाड निघाले, तेव्हा प्रत्येकाचा फेटा नीट डोक्यावर होता. गाडीत बसता बसता धर्माजीराव म्हणाले, "कोतवालसाहेब, तुमचा दवंडीवाला चार दिवस आमच्या गावी पाठवा."

तात्पर्य: वेळीच हात आवरला तर आनंद टिकतो, आणि नियम करणारा तो आधी स्वतःच्या घरी पाळतो, तेव्हाच गाव तो आपला मानते.