टिपणीसबाईंच्या कागदावरची तीन पानं

एका गावात एक जुनं कॉलेज होतं. तिथे वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह होता. जयवंत धुरी नावाचे प्राध्यापक त्याची देखरेख करत. हजारो कागद होते आणि प्रत्येक कागदावर एकेक वनस्पती दाबून चिकटवलेली होती. त्यातल्या एका कागदावर एक बारीक काडी आणि नखाएवढी तीन पानं होती.

ते रोप याच कॉलेजात शिकवणाऱ्या टिपणीसबाईंना चाळीस वर्षांपूर्वी एका सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, एका भेगेत सापडलं होतं. ते आजवरच्या कुठल्याच प्रजातीत बसत नाही, त्याची प्रजाती स्वतंत्र आहे, असं बाईंचं म्हणणं होतं. त्यांनी ते परिषदेत मांडलं. तेव्हा एक विद्वान उठून म्हणाले, "बाईंना गवताच्या काडीतही नवं घराणं दिसतं!" सभागृह हसलं. बाई खाली बसल्या आणि त्या विषयावर पुन्हा कधी बोलल्या नाहीत. पुढे तो सडा चिऱ्याच्या खाणीत गेला. रोप परत कुणाला दिसलं नाही. उरला तो हा कागद.

धुरी बाईंचेच विद्यार्थी. बाईंनी त्यांना पहिल्याच दिवशी एक नियम सांगितला होता. "कागदावरचं शेवटचं पान आपलं नसतं. आपल्यापेक्षा चांगले डोळे घेऊन जो येईल, त्याचं ते."

आता बाई अंथरुणाला खिळल्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते, फार तर दोन महिने. पानातल्या डीएनएवरून वनस्पतीचं नातं ओळखण्याची सोय कॉलेजात नुकतीच आली होती. धुरींनी ठरवलं, बाई आहेत तोवर त्यांचं म्हणणं सिद्ध करायचं आणि नव्या प्रजातीला त्यांचंच नाव द्यायचं. टिपणीसिया. धुरी वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

एका तपासणीसाठी एक अख्खं पान कुटावं लागे; वाळक्या काडीतून काही मिळत नसे. पहिलं पान कुटलं. प्रयोगशाळेतल्या नसीम मुल्ला निकाल घेऊन आल्या.

"सर, ही वेगळी प्रजाती दिसत नाही. जुन्यातलीच आहे."

"चाळीस वर्षांचं पान आहे. काहीतरी चुकलं असेल."

दुसरं पान कुटलं. त्यातून काहीच वाचता आलं नाही.

धुरी तिसऱ्या पानाकडे बघत बसले. बाईंचा नियम त्यांना आठवत होता. पण सभागृहातलं ते हसणं त्याहून जास्त आठवत होतं. त्या दिवशी मागच्या रांगेत बसलेले धुरीही हसले होते.

त्यांनी चिमट्यानं पान उचललं.

या वेळी निकाल आला, स्वतंत्र प्रजाती. नसीम मात्र कागद हातात धरून उभ्या राहिल्या.

"सर, त्या दिवशी याच टेबलावर दुसऱ्या झाडाचं काम चाललं होतं. त्याचा अंश मिसळला असेल."

"असेल म्हणजे मिसळलाच आहे, असं नाही."

"ते बघायला चौथं पान लागेल, सर."

धुरींनी लेख लिहिला. त्यात फक्त तिसऱ्या पानाचा निकाल होता. नसीमनी लेखावर आपलं नाव घालू दिलं नाही.

लेख छापून आला तशी धुरींनी बाईंचं घर गाठलं. "बाई, तुमचंच बरोबर होतं. आता ती टिपणीसिया झाली!"

बाईंचे डोळे भरून आले. "खरंच का रे जयवंता? मग तो कागद आण. एकदा बघू दे."

धुरींनी आज-उद्या करत आठवडा काढला. शेवटी कागद न्यावाच लागला. बाईंना आता नीट दिसत नव्हतं. त्यांनी काडीवरून हलकेच बोट फिरवलं. एका बाजूनं वर, दुसऱ्या बाजूनं खाली. मग बोट थांबलं.

"पहिल्या पानानं काय सांगितलं?"

"नाही म्हणून सांगितलं."

"दुसऱ्यानं?"

"काहीच नाही."

बाईंनी कागदावरून बोट उचललं. मग म्हणाल्या, "मी चुकले होते असं निघालं असतं, तरी चाललं असतं रे. त्याची तयारी होती माझी. पण आता मी बरोबर होते की चूक, हे कधीच कुणाला कळणार नाही. मलासुद्धा."

चार दिवसांनी बाई गेल्या.

धुरींनी लेख मागे घेतला. तिन्ही निकाल छापले. त्यानं कागदावर पान काही आलं नाही. अजूनही अधूनमधून कुठल्याशा अभ्यासकाचं पत्र येतं. हल्ली तपासणीला पानाचा कणभर तुकडाही पुरतो, तेवढा पाठवाल का, असं त्यात विचारलेलं असतं. धुरी प्रत्येकाला स्वतःच्या हातानं उत्तर लिहितात, "शिल्लक नाही."

तात्पर्य: मनासारखं उत्तर मिळेपर्यंत पुराव्याला विचारत राहिलं, की उत्तर हाती येतं आणि पुरावा संपून जातो; हे मायेपोटी केलं, एवढ्यानं ते नुकसान भरून येत नाही.