ठकूआत्याचा निखारा

श्रीसदोबा महाराजांचा मुक्काम त्या वर्षी उंबरघोळला होता. डोंगराच्या पायथ्याशी शंभर-सव्वाशे उंबऱ्यांचे गाव, मधोमध महादेवाचे देऊळ आणि देवळाच्या ओवरीत साध्या घोंगडीवर महाराज. भाविकहो, काडेपेटी अजून खेडोपाडी पोचली नव्हती, त्या काळची ही हकिगत. घरातला विस्तव विझला की शेजारून आणायचा, अशी रीत होती. आणि उंबरघोळात विस्तवाला जायचे ते ठकूआत्या कुंभारणीकडे.

नवरा गेला, चाक थांबले, पोटी मूल नाही. पण सासूने हाती दिलेली चूल तिने चाळीस वर्षे विझू दिली नव्हती. निखारे राखेत पुरावेत, पहाटे उकरावेत आणि दारी येईल त्याच्या गोवरीवर एक ठेवावा, एवढाच तिचा उद्योग.

पौषातल्या एका सकाळी ती महाराजांपुढे येऊन बसली. पदराशी चाळा करत म्हणाली, "महाराज, जन्म सार्थकी लागतो म्हंजे काय व्हतं वो? माझ्या हातनं तर कायबी झालं न्हाई. ना पोथी, ना तीर्थ, ना लेकरू. निस्ती राख उकरत बसले."

शेजारी दाजीशास्त्री बसले होते. मोठे विद्वान, घरात तीन पिढ्यांचे अग्निहोत्र. पण त्या घरातून विस्तवाचा कणही कधी बाहेर गेला नव्हता. ते मोठ्याने हसले.

"अगं ठकू, राख उकरून कोंबडीचं पोट भरतं, जन्म नाही सार्थकी लागत! अग्नी सांभाळणं आणि चूल फुंकणं यात काही अंतर आहे की नाही?"

ओवरीतले लोकही हसले. ठकूआत्याने मान खाली घातली. महाराज मात्र हसले नाहीत. म्हणाले, "आत्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याच चुलीत आहे. घरी जा, आभाळ भरून आलंय. आणि एक ध्यानात ठेव. आज कुणाच्या दारी विस्तव घेऊन निघालीस, तर त्या दारात पोचेपर्यंत झाकण काढू नकोस. काहीही होवो."

दुपार झाली नाही तोच पावसाबरोबर गारांचा मारा सुरू झाला. लिंबाएवढ्या गारा! कौले फुटली, छपरे गळू लागली, घरोघरच्या चुलींत पाणी शिरले. हवा अशी गारठली की बोलताना तोंडातून वाफ निघावी. शेजारची गिरजा दोनदा निखारा घेऊन गेली, दोन्ही वेळा ओल्या सरपणाने तो गिळला. ठकूआत्याच्या चुलीवरही धार लागली. परात पालथी घालून तिने राख झाकली, उकरून पाहिले, तर खाली एकच निखारा. बोराएवढा.

तेवढ्यात बोळाच्या वरच्या अंगाने हाक आली. शास्त्रीबुवांची सून सगुणा दार अर्धे उघडून ओरडत होती. नऊ दिवसांची बाळंतीण, नवरा परगावी.

"आत्या! घरात कुठं विस्तव नाही हो! बाळाची पावलं निळी पडलीत!"

"रडतीय का गं?" ठकूआत्याने ओरडून विचारले.

"नाही! मघापासून रडतच नाही!"

रडणाऱ्या बाळाला आई थोपटते. गप्प झालेल्या बाळापुढे तिचे हातपाय गळतात. ठकूआत्याने खापर घेतले, राख पसरली, निखारा उचलायला चिमटा पुढे केला. तिसऱ्यांदा विस्तवाला आलेल्या गिरजाने तिचा हात धरला.

"आत्या, वेडी का खुळी तू? सकाळी त्या शास्त्र्यानंच तुझी कोंबडी केली न्हवं? ह्यो गेला तर तुझी चूल गेली. सासूची चूल!"

ठकूआत्याचा हात क्षणभर थबकला. चाळीस वर्षे! एवढे एकच तर तिच्या नावावर होते.

"ते पोर नऊ दिसांचं हाय गं," ती म्हणाली. "त्याला काय ठावं, मला कोण काय बोललं ते."

निखारा खापरात ठेवून तिने वर झाकण दाबले, डोक्यावर पोत्याची खोळ घेतली आणि ती बोळात उतरली. अवघा पंचवीस पावलांचा चढ, पण वरून गुडघाभर पाण्याचा लोंढा येत होता. पाठीवर गारा बसत होत्या. निम्म्या वाटेवर दगड निसटला. ती आदळली, खापर कलंडून झाकणासकट पाण्यात बुडाले आणि आतून आवाज आला: चर्र.

तो आवाज तिच्या आयुष्यभराच्या ओळखीचा होता. विझताना विस्तव असाच बोलतो.

झाकण काढून बघावे असे तिच्या मनात आले. हात झाकणापर्यंत गेलाही. पण महाराजांचा शब्द आठवला. तिने खापर छातीशी धरले आणि ती चढू लागली. ओठांवर महाराजांचे नाव होते, डोळ्यांतून पाणी वाहत होते.

दारात दाजीशास्त्री उभे होते. अग्निकुंडात पाणी भरलेले, हातात चकमक आणि भिजलेला कापूस. तिला पाहताच सवयीने त्यांचा हात आडवा झाला.

"थांब! अग्निहोत्र्याच्या घरात कुंभारणीच्या चुलीचा विस्तव येणार नाही."

सगुणा बाळाला घेऊन पुढे आली. एरवी सासऱ्यासमोर मान वर न करणारी ती मुलगी म्हणाली, "मामंजी, आधी हिच्या पावलांना हात लावा. मग काय ते बोला."

शास्त्रीबुवांनी हात लावला. ती पावले गारेसारखी थंड होती. नातीचे ओठ नुसते हलत होते, आवाज नव्हता. त्यांचा आडवा हात आपोआप खाली आला. "ये," ते कसेबसे म्हणाले. "ठकू, लवकर आत ये."

तिने उंबरा ओलांडला आणि झाकण काढले. आत राखेचा चिखल होता, आणि चिखलात काळा कोळसा.

सगुणाने डोळे मिटले. ठकूआत्या म्हणाली, "विझला. माझ्याच पायानं घात केला."

"आत्या, फुंकर घाल."

सगळ्यांनी वळून पाहिले. दारात महाराज! कधी आले, कसे आले, कोणाला कळले नाही.

"पाण्यात बुडाला वो, महाराज."

"चाळीस वर्षं तू दुसऱ्यांच्या विझलेल्या चुलींसाठीच फुंकत आलीस ना? मग आज ही एक जास्त. घाल!"

तिने फुंकर घातली. काही नाही. दुसरी घातली, तिच्या तोंडावर चिखल उडाला. बाळाचे ओठ आता हलायचेही थांबले होते. महाराजांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने डोळे मिटून, सगळा जीव ओतून तिसरी फुंकर घातली.

आणि काळ्या कोळशावर कुंकवाच्या टिकलीएवढा लाल ठिपका उमटला!

तो पसरत गेला. माळ्यावरच्या कोरड्या गोवऱ्यांनी पेट घेतला, शेगडी फुलली. सगुणा फडकी गरम करकरून बाळाचे तळवे, पोट, टाळू शेकू लागली. पावलांचा निळा रंग हळूहळू उतरला, आणि एकाएकी पोरीने असा टाहो फोडला, की सगुणा एकदमच हसू आणि रडू लागली!

गारा थांबल्या. गोवऱ्या घेऊन लोक शास्त्र्यांच्या दारात जमू लागले. तीन पिढ्या ज्या घरातून विस्तव बाहेर गेला नव्हता, तिथे दाजीशास्त्री स्वतःच्या हाताने एकेकाला निखारा देत होते. कोणाला नाही म्हटले नाही.

महाराजांनी ठकूआत्याला दाराबाहेर आणले. खाली गावात एकेका छपरातून धूर वर चढत होता.

"आत्या, सकाळी काय विचारलंस? हे बघ. तुझी पोथी, तुझं तीर्थ आणि तुझी लेकरं."

एका छपरावर मात्र धूर नव्हता. तिच्या स्वतःच्या.

दाजीशास्त्री महाराजांचे पाय धरायला वाकले. महाराज मागे सरले. "शास्त्रीबुवा, एक चूल राहिली."

शास्त्रीबुवा समजले. गोवरीवर निखारा घेऊन ते अनवाणी बोळ उतरले आणि कुंभारणीच्या घरात शिरले. चूल जमिनीलगत होती. उभ्याने किंवा बसल्याने तिच्यात फुंकर पोचेना. शेवटी ते गुडघे टेकून वाकले, इतके वाकले की कपाळ राखेला टेकले. चूल पेटली. तरी ते बराच वेळ तसेच होते.

"शास्त्रीबुवा, उठा की," ठकूआत्या अवघडून म्हणाली. "धूर डोळ्यांत जाईल."

"जाऊ दे, आत्या," ते म्हणाले.

उठले तेव्हा कपाळावर त्या चुलीची राख होती. आयुष्यभर भस्म लावणाऱ्या त्या ब्राह्मणाने ती पुसली नाही, तशीच मिरवत तो घरी गेला.